गोव्यातल्या बोल्टच्या बंदुका : क्रोपाटशेकपासून थ्री-नॉट-थ्रीपर्यंत

सैन्याने मोडीत काढलेल्या बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीमागे हाताने बोल्ट (खिटी) मागे-पुढे ओढायच्या, कार्बाइन जमवायच्या, साफसूफ करून नेमबाजीच्या रेंजवर चालवायच्या, हा छंद आज प्रामुख्याने अमेरिका-युरोपात जोपासला जातो. गोव्यातल्या हौशी माणसाला तो बहुधा व्हिडिओंतूनच भेटतो. पण परदेशी संग्राहकांच्या भिंतींवर ज्या बंदुका मानाने टांगलेल्या दिसतात, त्यांतल्या काहींचा आपल्या भूमीशी थेट संबंध आहे. पोर्तुगीज राजमुद्रेची बंदूक पाहताना सत्तरी आठवावी, बेती आठवावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा मागोवा.

आधी कार्बाइन म्हणजे काय ते पाहू. एकोणिसाव्या शतकात पायदळाची रायफल सव्वा मीटरहून लांब असे. रांगेत उभं राहून दूरवर मारा करायचा आणि पुढे संगीन लावून भाल्यासारखी वापरायची, तर ती लांबी उपयोगी पडे. घोडेस्वाराला, तोफेवरच्या माणसाला किंवा जकातीच्या शिपायाला मात्र ती अडचणीची होई. त्यांच्यासाठी नळी आखूड करून तीच बंदूक काढली जाई, ती कार्बाइन. काडतूस तेच राहिल्यामुळे आखूड नळीच्या तोंडाशी जाळ मोठा निघतो, आवाज कानठळ्या बसवतो आणि खांद्याला दणका जोरात बसतो. पुढे ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखूड ली-एनफिल्ड (आपल्याकडे जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात ती) काढून घोडदळ आणि पायदळ दोघांनाही एकच बंदूक दिली आणि बाकीची सैन्यंही हळूहळू त्याच वाटेने गेली.

पोर्तुगालची गोष्ट १८८५च्या सुमारास सुरू होते. गेदेश नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने आखलेली एकबारी रायफल सैन्याने स्वीकारली होती आणि ऑस्ट्रियातल्या श्टायर कारखान्यात तिचं उत्पादनही चालू होतं. तेवढ्यात युरोपभर एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलींचा जमाना आला. पोर्तुगालने गेदेश बाजूला ठेवली आणि त्याच कारखान्याकडून १८८६ साली क्रोपाटशेक घेतली. ऑस्ट्रियन अधिकारी आल्फ्रेड फॉन क्रोपाटशेक याची ही रचना. नळीखालच्या लाकडात एक लांब पुंगळी, तिच्यात एकापुढे एक अशी आठ काडतुसं. बोल्ट मागे ओढला की एक छोटा पाळणा पुढचं काडतूस वर उचलून आणतो. फ्रेंचांच्या प्रसिद्ध लेबेल रायफलीची पुंगळीही याच जातीची होती. हिच्यासाठी बोथट टोकाचीच गोळी लागते, कारण पुंगळीत मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं असतं. टोकदार गोळी दणक्याने पुढचं काडतूस पेटवू शकते. आजही ही बंदूक रेंजवर चालवणाऱ्यांना हे भान ठेवावंच लागतं.

क्रोपाटशेकच्या पायदळी रायफलीबरोबर घोडदळाची कार्बाइन आणि जकात-पहाऱ्यासाठी आखूड बंदूक अशी भावंडंही निघाली. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका बदल १८८९चा आहे. वसाहतींसाठीच्या नमुन्यात नळीवर वरूनही आवरण घातलं गेलं. उष्ण प्रदेशातल्या उन्हात आणि सतत झाडलेल्या बारांनी तापलेली उघडी नळी हाताला चटके देई. लिस्बनमध्ये बसून कोणीतरी आफ्रिका आणि आशियातल्या उन्हाचा विचार केला, त्याची खूण त्या लाकडात राहिली आहे.

हीच पोर्तुगीज पायदळाची नेहमीची बंदूक होती तेव्हा, म्हणजे १८९५ साली, गोव्यातल्या पोर्तुगीज सैन्यातल्या मराठा सैनिकांनी मोझांबिकच्या लढाईवर जायला नकार दिला. हत्यारांसह ते सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यावर गेले, तिथल्या राणे घराण्यातले दादा राणे त्यांना मिळाले आणि बंड पसरलं. ते निपटायला राजाचा भाऊ दों आफोंसो पोर्तुगालहून फौज घेऊन आला. राण्यांची बंडं आपण शौर्यकथा म्हणून ऐकत आलो. त्यात हत्यारांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. जंगल आणि घाटवाटा जाणणारे लोक एकीकडे, बोल्ट ओढून भराभर गोळ्या झाडणारी फौज दुसरीकडे. ही तफावत लक्षात घेतली तर ते बंड इतके दिवस कसं टिकलं याचं मोल कळतं.

१९०४ साली पोर्तुगालने बंदूक बदलली. वेर्गेइरो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने जर्मन माउझरमध्ये फेरफार करून ६.५ मिमीची रायफल तयार केली आणि बर्लिनच्या कारखान्याने ती सुमारे १,००,००० संख्येने बनवून दिली. पाच काडतुसं पट्टीने वरून भरायची आणि बोल्ट अगदी अलगद सरकायचा. हिच्या माथ्यावर राजा कार्लोस पहिला याची मुकुटासह अक्षरमुद्रा आहे. कार्लोसची १९०८ साली हत्या झाली, १९१०मध्ये राजेशाहीच गेली, तरी ही राजमुद्रा प्रजासत्ताकाच्या शिपायांच्या खांद्यावर पुढे कित्येक वर्षं मिरवत राहिली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढायला गेलेल्या पोर्तुगीज सैनिकांना तर ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड दिल्या. १९३७ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने ७.९२ मिमीच्या आखूड जर्मन माउझर विकत घेतल्या आणि १९३९मध्ये जुन्या वेर्गेइरोंपैकी काहींची नळी बदलून, लांबी छाटून त्याही त्याच काडतुसाच्या केल्या. संग्राहक या छाटलेल्या वेर्गेइरोंवर खास जीव टाकतात.

गोव्यात या काळात बंदूक म्हणजे आधी पोलीस चौकी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात वीसहून अधिक माणसं गेली. पत्रादेवीचं स्मारक त्याच दिवसाचं आहे. दुसऱ्या बाजूला आझाद गोमंतक दल ही गोवामुक्तीसाठी लढणारी सशस्त्र संघटना चौक्यांवर छापे घालून शस्त्रं मिळवत होती. त्याच वर्षी बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात मोहन रानडे जखमी होऊन पकडले गेले आणि १९६९पर्यंत तुरुंगात राहिले, त्यातली बरीच वर्षं पोर्तुगालात. पोर्तुगीज बंदुकीच्या कोणत्याही संग्रहाशेजारी ही नावं लिहिलेली हवीत, असा माझा आग्रह आहे. लोखंड आणि लाकूड पाहून हरखून जावं, पण ती कोणावर रोखलेली होती तेही सांगावं.

डिसेंबर १९६१मध्ये ऑपरेशन विजय, म्हणजे गोवा मुक्त करणारी भारतीय लष्करी मोहीम, झालं. सुमारे ३,३०० सैनिकांची पोर्तुगीज फौज भारतीय सैन्यापुढे टिकणं शक्यच नव्हतं. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम बाजूला ठेवून गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा याने शरणागती पत्करली. भारतीय पायदळाच्या हातीही तेव्हा मोठ्या प्रमाणावर थ्री-नॉट-थ्रीच होती. बोल्टच्या बंदुकांच्या दोन घराण्यांची गोव्यातली ही शेवटची गाठ.

त्यानंतर भारताचे कायदे गोव्याला लागू झाले, त्यांत १९५९चा शस्त्र कायदाही आला, आणि आजच्या हौशी माणसाची अडचण इथूनच कळते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८पासून शस्त्रबंदी होती. पुढे तर सैन्याचं काडतूस प्रजेच्या हाती पडूच नये, असं धोरण ठरलं. मग इंग्रज कारखानदारांनी ली-एनफिल्डच्याच घाटाच्या शिकारी रायफली ऑस्ट्रियन मानलिखरच्या ८ मिमी काडतुसासाठी बनवून इथे विकल्या. इचापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल ही त्याच परंपरेतली. म्हणजे गोव्यात परवान्यावर .३१५ बाळगणाऱ्याकडे थ्री-नॉट-थ्रीची सख्खी बहीणच असते. इथे एक इशारा द्यायलाच हवा : क्रोपाटशेकही ८ मिमी आणि .३१५ही ८ मिमी, पण एकीच्या काडतुसाचं कवच ६० मिमी लांब, दुसरीचं ५०. आकडा सारखा म्हणून एकीचं काडतूस दुसरीत घालायचा विचारही करू नये.

आपल्या नियमांत थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ मिमीची बोल्ट-ॲक्शन रायफल प्रतिबंधित गटात मोडते. १९६०-७०च्या दशकांत इचापूरने ७.६२ मिमीसाठी बनवलेल्या टू-ए आणि टू-ए-वन रायफली म्हणूनच गंमतीशीर जागी पोचल्या. सामान्य भारतीय त्या घेऊ शकत नाही, आणि अमेरिकेत त्या सरप्लस, म्हणजे सैन्याने मोडीत काढलेला माल, म्हणून हजारोंनी विकल्या गेल्या. अमेरिकेतही दार कायम उघडं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम्युअल कमिंग्जसारख्या व्यापाऱ्यांनी देशोदेशींची जुनी कोठारं घाऊक विकत घेऊन स्वस्तात विकली. १९६८च्या कायद्याने लष्करी सरप्लसची आयात रोखली आणि १९८०च्या दशकात ऐतिहासिक बंदुकांपुरती ती पुन्हा मोकळी झाली. पोर्तुगीज काडतुसं आता सहज मिळत नसल्याने तिथले नेमबाज दुसऱ्या काडतुसांची कवचं घडवून, दारूचं माप घालून ती स्वतः भरतात.

आपल्याकडे चालत्या स्थितीतली बंदूक म्हटली की परवाना आलाच. जुन्या घाटाची बंदूक त्यातून सुटते ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशी असेल तरच. शिवाय २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली, आणि वारसाने आलेली बंदूकही त्याच मोजणीत धरली जाते. त्यामुळे घरातली जुनी बंदूक जमा करायची वेळ अनेकांवर येते. ज्यांच्यावर ती येईल त्यांना एवढंच सांगणं : बंदूक देण्याआधी नळीच्या बुडाशी कोरलेलं वर्ष, कारखान्याचं नाव, मुकुट किंवा ढाल, लाकडावरचे आकडे यांचे स्वच्छ फोटो काढा, बंदूक घरात कोणाकडून आली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि पणजीच्या राज्य संग्रहालयाला किंवा पुराभिलेख खात्याला ते कळवा.