सिक्लिड माशांचा रंगबदल

सिक्लिड कुळातल्या माशाच्या अंगाचा रंग पालटणे, गडद होणे किंवा उतरणे म्हणजे रंगबदल. तो कधी क्षणात होतो, कधी महिनोन्‌महिने चालतो. पूर्व आफ्रिकेतली मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया ही सरोवरे या कुळाची मोठी माहेरघरे; घरोघरी पाळले जाणारे ऑस्कर, डिस्कस आणि एंजल दक्षिण अमेरिकेतले. कोकण-गोव्याच्या खाड्यांमधला कालुंदर आणि उजनी धरणातली चिलापी हेही याच कुळातले. माशाचा रंग उतरला की पाळणारा बहुधा आधी औषधाची बाटली शोधतो. ही घाई माशाच्या जिवावर बेतू शकते, कारण रंग उतरण्याची बरीच कारणे आजाराची नसतातच.

रंग कातडीतल्या रंगपेशींमुळे दिसतो. काळ्या पेशींत मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे कण असतात. ते पेशीभर पसरले की ती जागा काळी दिसते, मध्यभागी गोळा झाले की फिकी. पिवळ्या आणि लाल पेशी वेगळ्या. निळा रंग मात्र सहसा रंगद्रव्याचा नसतो. पेशींतल्या ग्वानिन या पदार्थाच्या पातळ स्फटिकांवरून उजेड परततो, तेव्हा तो दिसतो. कण गोळा होण्याचा हुकूम मज्जातंतूंकडून आला तर बदल काही सेकंदांत किंवा मिनिटांत होतो. संप्रेरकांचा परिणाम त्याहून सावकाश दिसतो. आठवडे-महिने चालणाऱ्या बदलात तर पेशींची संख्याच वाढते किंवा घटते. म्हणून रंग उतरलेला दिसला की पहिला प्रश्न विचारावा तो हाच: किती वेळात उतरला?

मिनिटांत उतरला असेल तर मासा घाबरलेला, हरलेला किंवा झोपलेला असतो. रात्री उशिरा टाकीचा दिवा लावला तर एंजलचे काळे पट्टे विरलेले दिसतात आणि मासा धुरकट होऊन एका जागी तरंगत असतो. हळूहळू पट्टे पुन्हा उमटतात. (हे मुद्दाम करून पाहू नये, मासा दचकून काचेवर आपटतो.) दुकानातून पिशवीत आणलेला मासा राखी दिसतो तो घाबरल्यामुळे. डिस्कस बिथरला की उलट त्याच्या अंगावर उभे पट्टे ठळक होतात. टाकीच्या तळाशी पांढरी वाळू असेल तर पुष्कळ सिक्लिड सतत फिके राहतात आणि काळी वाळू घातली की रंग भरतो.

हरण्या-जिंकण्याचा रंग सर्वांत स्पष्ट दिसतो तो टांगानिकाच्या ॲस्टॅटोटिलापिया बर्टोनी या माशात. ज्या नराच्या ताब्यात जागा असते तो पिवळा किंवा निळा असतो आणि त्याच्या डोळ्यापासून खाली काळी रेघ उतरते. जागा गमावलेला नर मादीसारखा मळकट होतो. वरचढ नर बाजूला काढला, की मळकट नरावर काही मिनिटांत ती रेघ आणि रंग परत येतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रसेल फर्नाल्ड यांनी या माशावर प्रदीर्घ काळ काम केले. पद वाढले की मेंदूतल्या प्रजननाशी निगडित पेशीही मोठ्या होतात, असे त्यांच्या गटाने दाखवले. लहान टाकीत बरेच नर कोंबले की एखादाच खुलतो आणि बाकीचे फिके पडतात, ते यामुळेच. अशा वेळी लपायला खडक आणि मोठी टाकी हेच औषध.

सावकाश होणारा बदल बहुधा वयाचा असतो. मलावीतल्या केनयी माशाची पिल्ले आणि माद्या निळ्या असतात, वयात आलेला नर पिवळा होतो. तो निरोगी असतो. निकाराग्वाचा मायडस सिक्लिड पट्टेदार राखी जन्मतो, पण त्यांतल्या काही माशांच्या काळ्या पेशी वाढत्या वयात मरतात आणि मासा सोनेरी होतो. फ्लॉवरहॉर्न या संकरित माशाच्या काही जातींतही काळा रंग असाच गळून पडतो.

खाण्याचा संबंध लाल-पिवळ्याशी आहे. त्यासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतः बनवू शकत नाही. ती कोळंबी, क्रिल, स्पिरुलिना यांतून मिळावी लागतात. जुन्या उघड्या डब्यातल्या दाण्यांत ती फारशी उरत नाहीत. खाणे सुधारले तरी रंग परतायला काही आठवडे लागतात. बाजारात पिल्लांना नरसंप्रेरक घातलेले खाद्य देऊन भडक रंग आणण्याचा प्रकारही चालतो. घरी आल्यावर तो रंग उतरतो. यात ग्राहकाची फसवणूक आहे आणि त्याहून मोठा अन्याय माशावर आहे, कारण अशा माद्यांची प्रजननक्षमता बिघडू शकते.

आजाराचा रंग एकटा येत नाही. मासा काळवंडतो, पर मिटून घेतो, खाणे सोडतो, धापा टाकतो. तेव्हा आधी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला मासाही गडद होतो, कारण तळाचा रंग डोळ्यांनीच पाहून तो अंगाचा रंग जुळवत असतो.

व्हिक्टोरिया सरोवरात रंग हरवण्याचा परिणाम एका माशापुरता राहिला नाही. तिथे माद्या नर निवडतात ते रंगावरून. जीवशास्त्रज्ञ ओले सेहाउसेन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवले, की शेती आणि वस्तीच्या सांडपाण्याने पाणी गढूळ झाले तिथे माद्यांना रंग ओळखता येत नाहीत, नर मळकट होतात आणि जवळच्या जातींचा संकर होतो. पुंडामिलिया वंशातल्या निळ्या आणि लाल जाती स्वच्छ पाण्याच्या खडकाळ बेटांपाशी वेगळ्या टिकून आहेत. गढूळ पाण्यात मात्र निळ्या-लालच्या मधल्या छटांचेच मासे आढळतात.