लेगसी मायग्रेशन (सोलापूर जिल्हा)

जुन्या, सपोर्ट संपलेल्या सिस्टिमवर चालणारं महत्त्वाचं सॉफ्टवेअर आणि त्यातला डेटा नवीन सिस्टिमवर नेणं. सोलापूरकडे हा विषय निघतो तो साखर कारखाने, पतसंस्था, विकास सोसायट्या नाहीतर चादर-टॉवेलवाल्यांच्या हिशोबावरून. डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर चालणारे, फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले प्रोग्राम इकडे ढोबळमानाने १९९० च्या दशकातले धरायला हरकत नाही.

या प्रोग्रामांची डीबीएफ फाइल, म्हणजे ज्यात सगळा डेटा साठतो ती, मुळात कुणाची, यावर दोन मतं आहेत. सहसा श्रेय ॲश्टन-टेट कंपनीच्या डीबेस टू या डेटाबेस सॉफ्टवेअरला (१९८०) देतात, पण ते वेन रॅटलिफने लिहिलेल्या व्हल्कन या प्रोग्रामवरून आलं आणि व्हल्कन हे अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबमधल्या जेपीएलडीआयएस या मेनफ्रेमवरच्या (मोठ्या संगणकावरच्या) प्रोग्रामवरून, त्यामुळे मूळ लॅबमध्येच शोधणं जास्त पटतं. फॉक्सप्रो १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं, शेवटच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही, म्हणून जुना पीसी जपत बसायचं नाहीतर डॉसबॉक्स, म्हणजे नव्या पीसीवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरायचा.

खरी गोम डेटात असते. डीबीएफमध्ये डिलीट केलेलं रेकॉर्ड लगेच जात नाही, त्याच्या पहिल्या बाईटमध्ये स्पेसच्या जागी * येतो आणि पॅक कमांड दिली तरच ते खरोखर निघतं. कन्व्हर्टरने ही खूण वाचली नाही तर मयत म्हणून काढलेला सभासद नव्या यादीत परत हजर, आणि निवडणुकीच्या तोंडावर असं झालं की मग बघायलाच नको.

दुसरी अडचण मराठी नावांची. युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या आजच्या समान कोडच्या) आधीच्या फॉन्टमध्ये अक्षर जसं दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं. मल्लिकार्जुन हे इकडचं अगदी नेहमीचं नाव घ्या, त्यात वेलांटी 'ल्ल'च्या आधी आणि रफार 'जु'च्या नंतर टाइप झालेला, युनिकोडमध्ये दोन्ही उलट, म्हणजे नुसते कोड बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. त्यात प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा.

बदल एका रात्रीत करावा की जुनं-नवं काही महिने सोबत चालवावं, यावर वाद आहे. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सगळं एकदम हलवलं आणि सुमारे १९ लाख ग्राहकांची खाती उघडेनात, त्यामुळे दुसरी पद्धत बरी. कारखान्यात तर गाळप हंगाम संपल्यावरच हात घालावा, उसाचा काटा सुरू असताना नाही.

विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, त्यात देशातल्या सुमारे ६३,००० सोसायट्या एकाच सॉफ्टवेअरवर आणायच्या होत्या.