लाल सहा, पांढरा पाच

दोन फासे एकदम टाकले, तर 11 चं दान जास्त वेळा पडेल की 12 चं? लायब्निट्झला यात काही अवघड वाटलं नाही. 11 पडतं पाच-सहानं, 12 पडतं सहा-सहानं. वाट दोघांनाही एकेकच, म्हणजे संधी सारखी. कॅल्क्युलस उभं करणारा माणूस, आणि इथे चुकला!

ही चूक पकडायला चौकटींची वही आणि पेन्सिल पुरते. एक फासा लाल माना, दुसरा पांढरा. लाल फाशाच्या सहा आडव्या ओळी, पांढऱ्याच्या सहा उभ्या. झाल्या 36 चौकटी. प्रत्येकीत बेरीज लिहा. 11 दोन चौकटींत लिहावं लागतं, लाल सहा-पांढरा पाच आणि लाल पाच-पांढरा सहा. 12 मात्र कोपऱ्यात एकदाच. दहावीला हाच ‘नमुना अवकाश’ महिरपी कंसात उतरवला की मार्क मिळतात. पण 7 च्या सहा चौकटी कशा तिरक्या रांगेत उभ्या राहतात, ते कंसात दिसत नाही.

आता सारख्या बेरजेच्या चौकटी एकावर एक रचा. 2 वर एक, 3 वर दोन, असं चढत 7 वर सहा, आणि तसंच उतरत 12 वर पुन्हा एक. दोन्हीकडून पायऱ्या असलेला आलेख तयार.

तीन फाशांचं कोडं याहून चकवणारं. 9 ची बेरीज सहा प्रकारे होते, 10 चीही सहाच. तरी 10 जास्त वेळा पडतं, हे इटलीतल्या जुगाऱ्यांच्या खेळून खेळून लक्षात आलं होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओनं त्याचं कारण मांडलं. 1-2-6 हे दान सहा तऱ्हांनी पडू शकतं, 2-2-5 तीन तऱ्हांनी, पण 3-3-3 एकाच तऱ्हेनं. सगळं मोजलं की 216 पैकी 9 च्या वाट्याला 25 येतात, 10 च्या वाट्याला 27. फरक एक टक्काही नाही. तो नुसत्या खेळण्यातून हेरणाऱ्यांनी किती डाव घालवले असतील!

216 चौकटी आखत बसायची मात्र गरज नाही. एका कागदाला बरोबर सहा स्तंभ दिसतील एवढी खिडकी कापा आणि ती दोन फाशांच्या आलेखावर ठेवा. तिसरा फासा 1 ते 6 पैकी काहीही देईल, म्हणून 10 साठी खिडकीत 4 ते 9 हे स्तंभ हवेत: 3+4+5+6+5+4, म्हणजे 27. खिडकी एक घर डावीकडे सरकवा. उजवीकडचे 4 झाकले जातात, डावीकडून 2 आत येतात, उरले 25. अशी सगळी उत्तरं काढून नवा आलेख रचला, की टोकदार शिखराच्या जागी सपाट माथा येतो, कारण 10 आणि 11 दोघांचेही 27. तीच खिडकी या नव्या आलेखावरून फिरवली, तर चार फाशांचा आलेख मिळतो. चौकटी एकूण 1296, आणि सर्वांत उंच स्तंभ 14 चा, 146 चौकटींचा.