चढ दमवतो, पण पाय मोडतो तो उतार

सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तलावाभोवती धावायचं म्हटलं की नवीन पोरं पहिलं चढाचंच विचारतात, घाटी किती आहे, दम टिकेल का वगैरे. मला खरी काळजी वाटते ती उताराची, कारण तिथे दम लागत नाही आणि म्हणूनच माणूस फसतो.

हा तलाव १५३० साली नागेश देसाईंनी दोन डोंगरांमधल्या दरीत मातीचा बांध घालून केला, म्हणजे भोवतालचा रस्ता सपाट मिळणं कठीणच. शिवाय गोल फेरी असली की जेवढं चढायचं तेवढंच उतरायचं. मग हिशोब फिटला ना? नाही फिटत.

६० किलोचा माणूस १०० मीटर उंच चढला की नुसतं वजन वर न्यायला साधारण १४ किलोकॅलरीचं काम होतं, पण स्नायू जाळलेल्या इंधनातला जेमतेम पाव भाग कामाला लावतात, बाकीची उष्णता होते, त्यामुळे खर्च ५५-६० च्या घरात जातो. उतरताना यातलं थोडंच वसूल होतं. हलक्या उतारावर सपाटीपेक्षा कमी खर्च येतो हे खरं, पण उतार फार तीव्र झाला की ब्रेक मारण्यातच ताकद जाते आणि खर्च परत वाढतो.

आणि हा ब्रेक मारते मांडीची पुढची बाजू. जांभ्याचा चिरा खांद्यावरून हळूहळू खाली ठेवताना दंड कसा ताणलाही जातो आणि आवळलेलाही राहतो, तसंच उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचं होतं. अशा कामाला ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून श्वास शांत असतो, हार्टरेट खाली येतो आणि आपल्याला वाटतं चला आराम मिळाला. पण तेवढंच वजन पेलायला स्नायूचे कमी तंतू कामाला लागलेले असतात, प्रत्येकावर ताण जास्त येतो, त्यातले काही आतल्या आत ओढले जाऊन बारीक इजा होते. दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, जेव्हा उकिडवं बसता येत नाही आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. लोक याला लॅक्टिक अॅसिड म्हणतात ते चूक आहे, ते तासाभरात निवळतं.

चांगली गोष्ट अशी की शरीर हे फार पटकन शिकतं. एकदा बेताचा उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने स्नायूंना बरीच कमी इजा होते. म्हणून रेसच्या दोन-तीन आठवडे आधी मुद्दाम उतारावर धावा, पावलं छोटी आणि भरभर टाका, टाच पुढे आपटू नका.

राहिला आपला दमट उकाडा. एक लिटर घाम वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण नुसता ठिबकून सडकेवर पडला तर काहीच नेत नाही, आणि किनाऱ्याकडच्या दमट हवेत तो बराचसा ठिबकतोच. त्यामुळे इथे पुण्यातला टायमिंग धरून सुरुवात करू नका. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, तहान लागेल तसं प्या, सोबत मीठ घातलेलं कोकम ठेवा. आणि धावल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली तर झोपून राहू नका, स्नायू तुटून त्यातलं प्रोटीन किडनीपर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.