कुष्ठरोगाचा दवाखाना वेशीबाहेर का राहिला?

‘महारोग’ हा शब्द मागे पडून ‘कुष्ठरोग’ रुळला, तरी वरोऱ्याच्या आनंदवनाची मूळ संस्था आजही ‘महारोगी सेवा समिती’च आहे. जुन्या गोष्टी अशा नावांत शिल्लक राहतात. कायद्यांत त्या जास्तच चिवटपणे राहिल्या.

1898 चा ‘लेपर्स ॲक्ट’, म्हणजे कुष्ठरुग्णांसाठीचा कायदा, जिथे लागू होई, तिथे जखमा झालेल्या आणि भीक मागणाऱ्या किंवा निर्वाहाचं साधन नसलेल्या रुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय पकडत आणि आश्रमात धाडता येई. रुग्णाने सार्वजनिक विहिरीचं पाणी भरणं, विकण्यासाठी अन्न शिजवणं, भाड्याच्या गाडीत बसणं यांवरही बंदी घालता येत असे. आगगाडी तेवढी वगळली होती! माडीवर लपवून ठेवलेल्या श्रीमंताघरच्या रुग्णाला मात्र कुणी धरून नेत नसे.

औषध म्हणावं तर कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं. तीही दुखरी, गुण बेताचाच. त्यामुळे सेवा म्हणजे आश्रय, असंच समीकरण झालं. मनोहरजी दिवाणांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, पुढे अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन, 1951 मध्ये बाबा आमट्यांचं आनंदवन. या वसाहतींनी रुग्णाच्या हाताला काम दिलं, मान दिला. पण गाव होतं तसंच राहिलं.

डॅप्सोन या कुष्ठरोगावरच्या औषधाच्या गोळ्या आल्यावर चित्र पालटणं शक्य झालं, आणि इथे वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे डॉ. वार्डेकर महत्त्वाचे ठरतात. 1950 च्या दशकात त्यांनी रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी कार्यकर्ताच घरोघर पाठवला. सगळ्या घराची तपासणी करायची, लोकांशी बोलायचं, गोळ्या गावातच द्यायच्या. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. 1955 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. आनंदवनाची कीर्ती सर्वदूर पोचली, वार्डेकरांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. मला हे खटकतं.

1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत आली आणि सहा महिने ते दोन वर्षांत, पुढे तर जास्तीत जास्त वर्षभरात रोग बरा होऊ लागला. 2005 च्या अखेरीस देशात दर 10,000 लोकांमागे एकाहून कमी रुग्ण उरल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली. प्राथमिक आरोग्य केंद्राचं दार उघडलं हे चांगलंच, पण घरोघर फिरून बधिर चट्टा ओळखणारी सरावलेली नजर विरळ झाली. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतातच सापडतात.

आणि कायदा? ‘लेपर्स ॲक्ट’ 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहू नये, यासाठी 2019 उजाडावं लागलं. तोवर खात्रीचं औषध येऊन तीसेक वर्षं उलटली होती. चट्टा दिसला तरी बाई तो पदराखाली का झाकायची, याचं उत्तर या मधल्या वर्षांत आहे.