इंग्रजी गोषवारा : मातृभाषा इंग्रजी नसलेल्या संशोधकांचे लेखन

शोधनिबंधाच्या आरंभी येणारा, साधारण १५० ते ३०० शब्दांचा संक्षेप म्हणजे गोषवारा; बोलताना सर्रास ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणतात. इतर भाषांतल्या कित्येक नियतकालिकांत लेख त्या भाषेत आणि गोषवारा तेवढा इंग्रजीत छापण्याची रीत आहे. अशा वेळी परक्या वाचकापर्यंत पोहोचणारा हा एकच परिच्छेद असतो. लेख परीक्षकांकडे धाडायचा की नाही, हेही संपादक पुष्कळदा त्यावरूनच ठरवतात.

या लेखनातली अडचण व्याकरणाची आहे असे सहसा मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. रशियन, जपानी, चिनी किंवा मराठी बोलणाऱ्याला ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे छळतात, कारण त्याच्या भाषेत ती नाहीतच. पण उपपद चुकले म्हणून अर्थ क्वचितच बुडतो. गोषवारा खरा फसतो तो दावा मांडताना. ‘या निबंधात मातीतील ओलाव्याचा अभ्यास केला असून निष्कर्षांची चर्चा केली आहे’ या वाक्यात चूक काहीच नाही. ओलावा वाढला की घटला, हे मात्र वाचकाला कळत नाही. ‘आच्छादन घातलेल्या मातीत ओलावा जास्त दिवस टिकला’ एवढे म्हटले की लेख उघडावासा वाटतो.

भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेतील तीन टप्पे सांगितले : विषयाचे महत्त्व, आधीच्या संशोधनातली पोकळी आणि ती भरण्याचा आपला प्रयत्न. याच क्षेत्रातले केन हायलंड यांनी २००० मध्ये गोषवाऱ्याचे प्रस्तावना, उद्देश, पद्धती, फलित व निष्कर्ष असे पाच भाग मांडले. परभाषक लेखकांकडून पोकळी दाखवणारा टप्पा अनेकदा गळतो. स्पॅनिश लेखकांबाबत तुलनात्मक अभ्यासांत असे आढळले आहे. जिथे संशोधक मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे असतात, तिथे ज्येष्ठांच्या कामातले न्यून छापून दाखवणे अवघड जाते. हा शिष्टाचार आहे. त्याला भाषेचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र भाषाभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये आखली तशी प्रत्येक संस्कृतीची एकेक ठरावीक विचाररेषा मानणेही टिकले नाही. त्यावर पुढे बरीच टीका झाली.

दाव्याचा जोर तोलणे ही दुसरी कसोटी. ‘सिद्ध होते’ आणि ‘असे दिसते’ यांमध्ये इंग्रजीत ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘अपिअर’ अशा बऱ्याच पायऱ्या आहेत. त्या शब्दकोशातून हाती लागत नाहीत. आपल्या विषयातले गोषवारे वाचून वाचूनच अंगवळणी पडतात. वैद्यकीय नियतकालिकांत १९८७ पासून उपशीर्षकांचा, म्हणजे उद्देश, पद्धती, निकाल अशा ठरलेल्या चौकटींचा, गोषवारा रूढ होत गेला. परभाषकाला तो मोठा आधार आहे : निकालाची चौकट रिकामी ठेवताच येत नाही.

परभाषेत लिहिण्याचा हा भार किती, याचे मोजमापही झाले आहे. आठ देशांतील ९०८ पर्यावरण-संशोधकांच्या २०२३ मधील सर्वेक्षणात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे लेख भाषेच्या कारणावरून सुमारे अडीच पट अधिक वेळा नाकारले गेल्याचे दिसले. भाषा सुधारण्यासाठी आता अनेक जण कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतात. त्यात एक नवा काच आहे. यंत्रलिखित मजकूर ओळखू पाहणाऱ्या सात साधनांची २०२३ मध्ये चाचणी झाली, तेव्हा परभाषक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक इंग्रजी निबंध त्यांनी सरासरीने यंत्राचे ठरवले. मोजक्या शब्दांत, ठरलेल्या वळणाने लिहिणे हेच त्यामागचे कारण होते. आणि गोषवारा तर असाच लिहायला शिकवतात.