शिप्रेच्या माथ्यावर राबणाऱ्यांचं नाव पुरस्कारासाठी कसं पाठवायचं

इंदूरची कान्ह उज्जैनजवळ शिप्रेला मिळते आणि शिप्रा पुढे चंबळेला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहून नदीबद्दल हळहळणारे पुष्कळ. वरच्या अंगाला टेकड्यांवर सलग समतल चर (पाणी मुरवण्यासाठी उताराला आडवे खणलेले लांब खड्डे) खणणारे, नाला बांध घालणारे फारसे कुणाला माहीत नसतात. अशा कुणाचा सन्मान व्हावा असं वाटत असेल तर अर्ज तुम्हीच भरा. ती माणसं स्वतःहून भरत नाहीत.

वाटा दोन, दोन्ही केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरच (अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन).

राष्ट्रीय जल पुरस्कार जलशक्ती मंत्रालय २०१८ पासून देतं. ग्रामपंचायत, शाळा-महाविद्यालय, पाणी वापर संस्था, स्वयंसेवी संस्था असे त्यात वेगवेगळे गट असतात. गावाने मिळून काम केलं असेल तर पंचायतीच्या नावानेच अर्ज करावा, हे माझं मत. निवडक अर्जांची केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळाची माणसं जागेवर येऊन पडताळणी करतात, म्हणून कागदावरचा बंधारा शिवारातही दिसायला हवा.

एकट्या माणसासाठी पद्म पुरस्कार. पाण्याच्या कामासाठी हिवरेबाजारच्या पोपटराव पवारांना २०२० साली, उत्तर प्रदेशातल्या बांद्याच्या उमाशंकर पांडेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शिफारस कुणीही करू शकतं, स्वतःचीसुद्धा. जात, धंदा, शिक्षण आड येत नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून सेवेतले सरकारी कर्मचारी मात्र बसत नाहीत. निवृत्त मास्तर चालतात. रोख रक्कम नाही. पदक आणि सनद मिळते, पण ‘पद्मश्री’ नावाआधी लावता येत नाही, लग्नपत्रिकेतसुद्धा नाही! २०२६ च्या पुरस्कारांसाठी शिफारशी १५ मार्च २०२५ पासून घेतल्या. दरवर्षीची तारीख पोर्टलवर बघून घ्यावी.

खरी मेहनत आहे ती ८०० शब्दांच्या कार्यवर्णनात. आमच्या ओळखीच्या एका काकांसाठी आम्ही पहिला मसुदा केला, त्यात ‘जलयोद्धा’ तीनदा आणि आकडा एकही नाही. मग काकांची वही हाती लागली. गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून दर मे महिन्यात पाणी किती हातांवर आहे ते ते लिहून ठेवत होते, वर्षानुवर्षं, पेन्सिलीने. त्या वहीने अर्धं काम केलं. तुम्हीही असंच काही शोधा: चर किती मीटर, कोणत्या साली, उन्हाळी पीक आधी किती बिघ्यांत होतं आणि आता किती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काय केलं ते त्याच क्रमाने मांडा.

जोडीला ठेवायचे कागद: एकाच जागेचे आधीचे आणि नंतरचे तारीख असलेले फोटो (हारतुऱ्यांचे नकोत), पंचायतीचा ठराव, जागेचा खसरा नंबर (सरकारी नोंदीतला जमिनीचा क्रमांक). महाराष्ट्रातले नातेवाईक सातबारा आणि तलाठी म्हणतील; इथे मध्य प्रदेशात पटवारी गाठायचा. फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि पत्ता लागतोच, तेव्हा काकांना शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही हा बेत आधीच सोडून द्या.